शेगडी, शिराझ आणि काका

शनिवारची संध्याकाळ, सोसायटीची गच्ची, लोखंडी शेगडी, दोन किलो कोळसा आणि हजार रुपयांच्या आतबाहेरची एक रेड वाईन. गेली पाच-सहा वर्षं माझा वीकेंड असा चाललाय. सेक्रेटरींच्या घरी दर वेळी एक प्लेट चिकन पोचवावं लागतं, तो मेंटेनन्स धरायचा. :-)

सुरुवात मात्र भयानक झाली होती. पहिल्या शनिवारी मी चिकनला सढळ हाताने लाल तिखट चोपडलं, सोबत ठेचा ठेवला आणि दुकानदार म्हणाला "सर, ग्रिल आहे ना, मग हेवी रेड घ्या", म्हणून त्याने दिलेली कॅबर्ने सोव्हिन्यो उघडली. पहिला घास झकास. त्यावर घोट घेतला आणि जिभेवर जाळ! पाहुणे शहाणे होते, त्यांनी मुकाट्याने बिअर मागितली. उरलेली बाटली मी तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून संपवली. हजार रुपये म्हणजे हजार रुपये.

मग आम्ही आमच्या धंद्यातलं एकमेव शहाणपण वापरलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. थोडं वाचलंही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला डिवचतं, त्यालाच अल्कोहोलही चाळवतं. म्हणजे तिखटावर वाईन ओतणं हे आगीत तेलच. त्यात टॅनिन, म्हणजे रेडचा तो कच्च्या जांभळासारखा तुरटपणा. तो लाळेतल्या प्रोटीनला चिकटतो आणि तोंड कोरडं पडतं. आधीच भाजलेल्या जिभेवर हे म्हणजे पॉलिशपेपर. पण घासात मटणाचं प्रोटीन असलं, चरबी असली, मीठ बेताचं असलं, की तीच वाईन एकदम मऊ लागते. बाटली तीच, माणूस तोच, फक्त मसाला वेगळा.

तेव्हापासून आमच्याकडे शेगडीवरच्या मटणाला मिरची नाही. लसूण, आलं, भरपूर ताजी कुटलेली काळी मिरी, मीठ, तेल, बास. बोकडाचं मटण थेट निखाऱ्यावर टाकलं तर चिवट होतं, दात दुखतात. म्हणून चापा आधी हळद-मीठ लावून कुकरला तीन शिट्ट्या काढायच्या, निथळायच्या, मसाला चोळायचा आणि मग जाळीवर. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचं. ज्वाळेवर केलं की बाहेरून काळं, आतून गार. (हे मला शिकवायला तीन शनिवार खर्ची पडले.) यावर शिराझ. डोळे मिटून शिराझ.

चिकन टिक्का असेल तर हलकं काहीतरी हवं. मला अकलूजच्या फ्रातेलीची सांजोवेसे आवडते. द्राक्ष मूळचं इटलीतलं, पण आता सोलापूर जिल्ह्यात रुळलंय. जराशी आंबटसर असते, त्यामुळे पनीर आणि भाजलेल्या टोमॅटोबरोबरही जमते. कॅबर्ने मी उन्हाळ्यात घेतच नाही. भरताचं वांगं शेगडीवर फर्मास होतं, पण त्यात हिरवी मिरची आणि कच्चा कांदा पडला की कुठलीच रेड टिकत नाही, निदान माझ्या तोंडात तरी. आणि तिखटाशिवाय जमतच नसेल तर सरळ गोव्याची गोड पोर्ट घ्या. वाईनवाले मित्र नाकं मुरडतील, मुरडू देत. गोडवा तिखटाला सांभाळून घेतो, हे आपल्याला बालपणीच्या गूळ-भाकरीपासून माहीत आहे.

अजून एक. "रेड रूम टेंपरेचरला प्या" हे ज्याने लिहिलं त्याची रूम युरोपात होती, सोळा-अठरा डिग्रीची. पुण्यात मे महिन्यात माझी रूम बत्तीस असते. त्या तापमानाला रेड म्हणजे खोकल्याचं औषध. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, लाजू नका.

तर हे सगळं मला येत होतं, आणि तरी शिराझच्या बाबतीत एक गोष्ट कायम खटकायची. जिथे वाचावं तिथे लिहिलेलं: शिराझला काळ्या मिरीचा वास येतो. मला कधीच आला नाही. जांभूळ येतं, धूर येतो, मिरी नाही. मी समजायचो, स्वस्त बाटल्यांत नसेल, किंवा हे लोक फेकत असतील.

मागच्या डिसेंबरात काका आले. दिंडोरी तालुक्यातले, वडिलांचे धाकटे भाऊ. मोशीच्या कृषी प्रदर्शनाला आले होते, शनिवारी मुक्काम माझ्याकडे. बायको म्हणाली, "आज गच्ची राहू दे, काकांसमोर बाटली बरी दिसते का?" प्रश्न फक्त काका वडीलधारे असण्याचा नव्हता.

महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि आमच्या भागात वाईनच्या द्राक्षांचं वारं आलं. काकांनी २००५ मध्ये थॉम्पसनची दोन एकर बाग काढून शिराझ लावली. एका कंपनीशी करार, पस्तीस रुपये किलो. काका खिशात ब्रिक्समीटर घेऊन फिरायचे. आम्हा पोरांना दाखवायचे, खायची द्राक्षं अठरालाच तोडतात, ही चोवीसपर्यंत न्यायची. पहिली दोन वर्षं पैसे आले. मग २००८ च्या शेवटी जगभर मंदी, मुंबईवर हल्ला, हॉटेलं ओस. वाईनचा खप पडला आणि कंपन्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. २००९ च्या हंगामात कंपनीचा ट्रक आला नाही. फोन केला की उद्या. वाईनचं द्राक्ष बाजारात चालत नाही, बारीक मणी, जाड साल, आत बिया. दोन एकर माल वेलीवर सुकला. पुढच्या वर्षी काकांनी बाग तोडली. त्या काळात मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो आणि माझी फी कुणी भरली हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तेव्हा बाटली लपवावी असं मलाही वाटलं. पण काकाच वर आले, शेगडी बघून खूश झाले, पाट ओढून बसले आणि चिमटा हातात घेतला. निखारे सारता सारता त्यांची नजर कट्ट्यावर गेली.

"कुठली रे?"

"नाशिकची, काका. शिराझ."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी कधी पिली नाही. पाच वर्षं जीव लावला, पण पिली नाही. आण बघू थोडी."

स्टीलच्या फुलपात्रात दिली. काचेचा ग्लास नको म्हणाले, फुटेल. आधी वास घेतला. पुन्हा घेतला.

"यात मिरी टाकलीस?"

"नाही काका, मिरी मटणाला आहे."

"मटणाचं नाही म्हणत. यात." घोट घेऊन तोंडात घोळवला, जसा मणी चावून बघायचे तसा. "हा. तोडणीला आली की साल चावल्यावर अस्संच लागायचं. तुझ्या काकूला म्हणायचो, मिरी लागतेय गं. ती म्हणायची, काहीतरीच तुमचं."

रात्री ते झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये शोधून काढलंय: त्या वासाचं नाव रोटंडोन. काळ्या मिरीत जे द्रव्य, तेच शिराझच्या सालीत. रेड वाईनमध्ये लिटरला सोळा नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. पण त्यांच्या चाचणीत सुमारे वीस टक्के लोकांना ते कितीही वाढवलं तरी कळलंच नाही. पाचातला एक. म्हणजे मी. आणि बहुतेक काकू.

पण ते नंतर. गच्चीवर काकांनी मटणाचा तुकडा खाल्ला, त्यावर घोट घेतला, आणि मान हलवली. "मटणावर बरी लागते. नुसती तुरट आहे." जे समजायला मला अर्धा डझन बाटल्या लागल्या ते त्यांनी एका घासात सांगितलं. मग विचारलं, "केवढ्याला?"

"साडेनऊशे."

"एका बाटलीला माल किती लागतो?"

"साधारण सव्वा किलो."

पस्तीस गुणिले सव्वा हा हिशेब मी मनात केला, त्यांनीही केला असणार. मला वाटलं आता ट्रकचं निघेल. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "काका, त्या वर्षी तुम्ही माझी फी—"

"हा तुकडा करपतोय बघ," काका म्हणाले आणि चिमटा माझ्या हातात दिला.

सकाळी नाशिकच्या शिवनेरीत बसवायला गेलो. पिशवी जड लागली म्हणून बघितलं, तर पेपरात गुंडाळलेली कालची बाटली. तळाशी घोटभर राखलेली, झाकण घट्ट फिरवलेलं.

"काकूसाठी," ते म्हणाले. "वास घेऊन बघू दे तिला."