हात लावण्यापूर्वी

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे येणारी प्रौढ स्त्री आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगते; मग ती संकोचाने सांगो, अर्धवट सांगो, अथवा खरे लपवून भलतेच सांगो. आठ किंवा तेरा वर्षांची मुलगी मात्र स्वतः येत नाही, तिला आणले जाते. आणि तिची कैफियत तिची आई, आजी, मावशी, क्वचित दाराशी अवघडून उभे राहिलेले वडील, तिच्या डोक्यावरून माझ्यापुढे मांडीत असतात. ज्या देहाविषयी हा सारा खल चाललेला असतो त्याची मालकीण त्या वेळी खुर्चीच्या कडेवर बसून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळीत असते. म्हणून वडीलधाऱ्यांचे बोलणे मानाने ऐकून घेतल्यावर, केसपेपरवर एक अक्षरही लिहिण्यापूर्वी, मी तिच्याकडे वळते आणि विचारते, "तुला इथं का आणलंय, ठाऊक आहे ना? आता तू सांग." माझ्या साऱ्या विद्येचा आरंभ या प्रश्नापासून होतो असे मी मानते, शस्त्रे, औषधे आणि यंत्रे पुष्कळ नंतर येतात.

ही शाखा स्वतंत्र म्हणून मान्य होण्यास फार काळ लागला. मुलींसाठी निराळा स्त्रीरोग विभाग डॉ. रुडॉल्फ पेटर यांनी १९४० साली प्राग येथे सुरू केला, तो जगातील पहिला समजला जातो. तोवर मुलगी एकतर बालरोगतज्ज्ञाच्या वाट्याला येई, आणि तो कमरेखाली पाहण्यास कचरे. किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या, आणि तो तिला लहान आकाराची बाई समजून तपाशी. आमच्याकडील तालुक्याच्या गावी आजही बऱ्याच अंशी हीच स्थिती आहे. परंतु आपल्या प्रांतात या विषयाची एक पूर्वपीठिका आहे आणि तिचा विसर पडू नये. आनंदीबाई जोशी वैद्यकाकडे वळल्या त्यामागे चौदाव्या वर्षी प्रसूत होऊन गमावलेल्या तान्ह्या मुलाचे दुःख होते. रखमाबाईंनी बालपणीच लादलेल्या विवाहात नांदण्यास नकार दिला, १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असे फर्माविल्यावर तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली, आणि तो खटला तडजोडीने मिटल्यावर विलायतेत वैद्यक शिकून त्यांनी सुरत आणि राजकोट येथे कित्येक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा वकील, शास्त्री आणि संपादक यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरून काढले. ज्या मुलींविषयी हे रण माजले होते त्यांची जबानी मात्र घेण्याचे कोणास सुचले नाही. तपासणीच्या खोलीत मुलीला प्रथम बोलू देण्याचा माझा शिरस्ता पडला, त्याला हाही इतिहास कारण आहे.

सर्वांत लहान रुग्ण दोन-तीन वर्षांच्या असतात. मुलीला लघवीच्या जागी खाज सुटते, चड्डीला पिवळसर डाग पडतात, आणि आजीच्या मनात नको नको त्या शंका येऊ लागतात. बहुतेक वेळा कारण साधे निघते. या वयात शरीरात स्त्री-संप्रेरक जवळजवळ नसल्यामुळे तेथील त्वचा अतिशय पातळ असते, गुदद्वार जवळ असते, धुण्याची रीत मागून पुढे अशी चुकीची पडलेली असते, सुगंधी साबण आणि घट्ट कपडे त्यात भर घालतात. खाज रात्री वाढत असेल तर जंतांचे औषध साऱ्या घराला द्यावे लागते. अशा मुलीला मी आईच्या मांडीवरच तपासते. तिचे गुडघे बाजूला करून पाय बेडकासारखे दुमडावयास सांगावे, उजेड चांगला घ्यावा, आणि पाहावे. पाहणे पुरे होते. काही मुलींच्या बाबतीत बाहेरील ओष्ठांच्या आतल्या नाजूक कडा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि आई घाबरून म्हणते, "बाई, हिला जागाच नाही!" लघवी मोकळी होत असेल तर त्या कडांना हात न लावणे हाच उपचार, वयात येताना त्या बहुधा आपोआप सुटतात. जोर लावून त्या सुट्या केल्या तर वेदना आणि भीती तेवढी पदरी पडते, आणि कडा पुन्हा चिकटतात. दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव टिकून राहिला तर आत एखादी वस्तू अडकली असण्याचा अथवा मुलीला कोणी इजा केली असण्याचा संभव लक्षात घ्यावा लागतो. त्या वेळी भूल देऊन, एकदाच, आणि नीट पाहावे. जागेपणी धरून ठेवून पाहू नये. मुलीचे हात धरा असे मी आजवर कोणत्याही परिचारिकेस सांगितलेले नाही, आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांस ते करण्याची मुभा देत नाही.

परंतु न पाहणे म्हणजे सौजन्य अशी जी एक समजूत आमच्या व्यवसायात आहे तीही तितकीच घातक आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, बाकी अंगाने भरलेली, पाळी अद्याप आलेली नाही, दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोटात कळा येतात, आणि एक दिवस लघवी अडून ती रात्री दवाखान्यात येते. तोपर्यंत तिच्यावर जंतांचे, मूतखड्याचे, कधी आंत्रपुच्छाचे उपचार होऊन गेलेले असतात. योनिमुखावरचा पडदा पूर्ण बंद असल्यामुळे कित्येक महिन्यांचे रक्त आत साठलेले असते. पाय किंचित विलग करून क्षणभर पाहिले असते तर तो निळसर फुगवटा कोणालाही दिसला असता. उपाय लहानशा शस्त्रक्रियेचा आहे. लज्जा राखण्याच्या नावाखाली एवढे पाहण्याचे टाळले जाते आणि त्याची किंमत ती मुलगी महिनोन् महिने भोगते. पाहण्यापूर्वी तिला सांगावे, कशासाठी पाहावयाचे ते सांगावे, ती "थांबा" म्हणाली तर थांबावे. संमतीच्या कागदावर कायद्याने सही पालकाची लागते, हे खरे. पण मुलीचा होकार मिळाल्यावाचून, जिवावरचा प्रसंग सोडल्यास, मी तपासणीच्या टेबलाभोवतीचा पडदा ओढीत नाही.

पाळीच्या तक्रारी तर रोजच्याच. "दोन-दोन महिने चुकते हो हिची, गोळ्या द्या काहीतरी," असे आई काकुळतीने सांगते. पहिली पाळी आल्यापासून पहिली दोन-तीन वर्षे मेंदूतील केंद्रे आणि बीजकोश यांचा मेळ पुरता बसलेला नसतो. एकवीस दिवसांपासून पंचेचाळीस दिवसांपर्यंतचे अंतर या काळात स्वाभाविक असते. असे असता शेजारणीच्या सल्ल्याने सोनोग्राफी होते, बीजकोशात या वयात सहज दिसणारे बारीक फुगे दिसतात, आणि नववीतल्या मुलीच्या कपाळी 'पीसीओडी' हा शिक्का बसतो. पहिल्या पाळीपासून आठ वर्षे उलटेपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये असा तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो मी आयांना समजावून सांगते, तेव्हा काहींची निराशा होते. औषध न मिळणे म्हणजे दुर्लक्ष असे त्यांना वाटते. मी त्यांना वहीत तारखा मांडून सहा महिन्यांनी येण्यास सांगते आणि ती वही मुलीच्याच हाती देते.

याच्या उलट एक वाक्य आहे, जे ऐकताच मी सावध होते. मुलगी पांढरीफटक, जिना चढताना धाप लागणारी, रात्री कपडे दोनदा बदलावे लागणारी, आणि आजी मला धीर देत म्हणतात, "आमच्या घराण्यात सगळ्या पोरींना असंच जातं." फिनलंडमधील डॉ. एरिक फोन विलेब्रँड यांनी १९२६ साली ज्या आनुवंशिक रक्तदोषाचे वर्णन केले, तो त्यांना ऑलंड बेटांवरील अशाच एका घराण्यात सापडला. त्यांनी प्रथम तपासलेली पाच वर्षांची मुलगी पुढे वयात आली आणि चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात दगावली. घराण्यातील साऱ्याच बायकांना जे होते ते नैसर्गिकच असणार, असा आजींचा तर्क असतो. वास्तविक तोच पुरावा असतो. म्हणून अशा वेळी मी आजींनाच बाजूला बसवून विचारते : आजी, तुमचा दात काढला तेव्हा रक्त किती वेळ थांबलं नाही? बाळंतपणात काय झालं? नातीचा घोळणा फुटतो का? त्या आठवून आठवून सांगू लागतात, आणि पुष्कळदा नातीबरोबर तिच्या आईचे आणि आजीचेही रक्त तपासावे लागते. तिन्ही पिढ्यांनी जे सोसणे म्हणून मुकाट पत्करले होते त्याला औषध आहे हे कळल्यावर त्या घरातील बोलण्याचा सूरच पालटतो, आणि तो पालटताना पाहणे हे मला या व्यवसायातील मोठे सुख वाटते.

पोरी मोठ्या झाल्या की आणखी एक धास्ती बाहेर येते. "आतून तपासणार नाही ना? लग्न व्हायचंय तिचं." आतून तपासण्याची गरज या वयात क्वचितच पडते हे मी सांगतेच, पण एवढ्यावर थांबत नाही. योनिपडद्याच्या स्थितीवरून मुलीच्या पूर्वायुष्याचा निवाडा करता येत नाही, हे तिच्या देखत आईला ऐकवते. बलात्कारपीडितेवर केली जाणारी दोन बोटांची अमानुष परीक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली, आणि २०२२ साली ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असे बजाविले. न्यायालयाला दोनदा सांगावे लागले यावरून ही कल्पना किती खोल रुजली आहे ते दिसते.

यानंतर आईला काही मिनिटे बाहेर बसण्याची विनंती करते. सर्वच मुलींच्या बाबतीत हा नेम असल्यामुळे कोणास त्यात संशयाचा वास येत नाही. मात्र मुलगी एकटी होताच, ती काही बोलण्याच्या आत, मी तिला माझ्या मौनाची हद्द सांगते : तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुला कोणी त्रास दिला असेल, किंवा अठराच्या आत शरीरसंबंध आला असेल, तर ते कळवण्याचं बंधन कायद्यानं माझ्यावर आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे खबर न देणे हा गुन्हा आहे. हे आधी न सांगता गोडीने सारे काढून घेणे आणि मग पोलीस ठाण्याला फोन लावणे हा मला विश्वासघात वाटतो.

कायद्याचा हेतू शुद्ध आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्याची झळ कोणाला लागते ते आम्ही रोज पाहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला एक 'कोयता' म्हणून उचल मिळते, आणि मागे एकट्या राहणाऱ्या मुलीची काळजी असते, म्हणून सोळाव्या वर्षी तिचे लग्न उरकले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून अशा लग्नातला संबंधही गुन्हाच ठरतो. खबर जाईल या भयाने ती मुलगी सातव्या महिन्यापर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही. अल्पवयीन मुलीला गर्भपाताची मुभा २०२१ च्या सुधारणेने चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली, ती मुदत तोवर उलटून गेलेली असते. गर्भपातासाठी आलेली मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केल्यास खबर देताना डॉक्टराने तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली केला. तो पुष्कळ डॉक्टरांना आणि अंमलदारांना अद्याप ठाऊक नाही. म्हणून त्याची प्रत मी टेबलाच्या खणात ठेवते आणि हरकत घेणाऱ्यापुढे उघडून ठेवते. इतर प्रसंगी खबर द्यावीच लागते, तेव्हा ठाण्याला फोन करताना जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा आणि होता होईल तो स्त्री असावी हे कलम मी वाचून दाखविते, पुढे काय काय होणार ते मुलीला क्रमाने सांगते, आणि जबाब पुरा होईपर्यंत बाहेरचे रुग्ण सहकाऱ्याकडे सोपवून तिच्या शेजारी बसते.