टपालाच्या थैलीशेजारची सीट

टाटांच्या विमानसेवेने पहिल्या वर्षभरात किती प्रवासी नेले असतील? १५५. आमच्या सांबऱ्याला उतरणाऱ्या पन्नास सीटांच्या विमानाने चार फेऱ्यांत ते सगळे पोहोचवले असते. तरीही कंपनीला त्या वर्षी साठ हजार रुपये नफा झाला. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, असे दोन आकडे शेजारी दिसले की हिशोब जुळवून बघायची खोड. तो जुळेना. मग लक्षात आले, की ते विमान प्रवाशांसाठी नव्हतेच, टपालासाठी होते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा 'पुस मॉथ' नावाचे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी मुंबईत जुहूला उतरले. विमानात साधारण २५ किलो टपाल. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! जुहूहून ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढे मद्रासला नेले, पण एका दिवसात नाही. अंधारात उडायची सोय नव्हती, म्हणून रात्रीचा मुक्काम बळ्ळारीला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा तेवढे महिने सगळा संसार पुण्याला हलायचा. थैल्या ठेवून जागा उरली तर एखादा माणूस बसणार. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईहून गोवा, कण्णूर करत त्रिवेंद्रमपर्यंतचा मार्ग सुरू केला, तेव्हा विमाने आपल्या या पट्ट्याच्या शेजारून जाऊ लागली.

म्हणजे प्रवासी तिकीट काढत होता, पण विमान उडत होते ते दुसऱ्याच कोणाच्या तरी पैशांवर. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. ठरलेल्या वेळापत्रकाने, तिकीट घेऊन विमानात प्रवासी नेण्याची जगातली पहिली सेवा १ जानेवारी १९१४ ला अमेरिकेत फ्लोरिडात सुरू झाली, सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा. पाण्यावर उतरणारे विमान, चालक टोनी जॅनस आणि प्रवासी एकच. पहिल्या फेरीचे तिकीट लिलावात ४०० डॉलरना गेले, नंतरचा दर पाच डॉलर. खाडीपलीकडे २३ मिनिटांत! चार महिन्यांत बाराशेच्या आसपास लोक बसले, तरी सेवा बंद पडली. हिवाळ्याचा हंगाम संपला, पाहुणे परतले आणि शहराने दिलेली पैशांची हमीही संपली.

निव्वळ प्रवाशांच्या तिकिटांवर कमाई करून देणारे पहिले विमान म्हणून नाव घेतात ते डीसी-३ चे, म्हणजे आपल्याकडच्या डाकोटाचे. त्याचे पहिले उड्डाण १९३५ च्या डिसेंबरातले. महायुद्ध संपल्यावर लष्कराची जादा डाकोटा भारतात स्वस्तात मिळू लागली आणि कंपन्यांचे पीक आले. प्रवासी मात्र तेवढे नव्हते. शेवटी १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स उभी केली.

त्या काळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट नागपूरची. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे आणि मध्यरात्री चारही नागपुरात भेटायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. प्रवाशांनाही त्यातून जाता यायचे. आमच्या धंद्यात नेटवर्कची रचना शिकवताना जे चित्र फळ्यावर काढतात, हुबेहूब तेच. मंडळातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी एकदा कागदावर काढून बघावे, चार रेषा आणि मधे एक ठिपका. पण तिथेही मुख्य आधार टपालाचाच.

आता आमचे सांबरा. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने लढाईसाठी बांधलेली ही धावपट्टी. नवी टर्मिनल इमारत झाली सप्टेंबर २०१७ मध्ये. काचा चकाचक, आणि वर्षभरात विमानेच गायब. कारण 'उडान' योजनेत हुबळी होते, बेळगाव नव्हते. या योजनेत एका तासाच्या प्रवासाला निम्म्या सीटा अडीच हजारांच्या आसपास द्यायच्या आणि कंपनीची तूट सरकारने तीन वर्षे भरायची. बेळगावची बरीचशी विमाने हुबळीला गेली. त्याच उन्हाळ्यात निपाणीत थोरले काका गेले. फोन आला तेव्हा मी बंगळूरला होतो, सांबऱ्याला त्या दिवशी विमान नव्हते. रात्रीच्या बसने दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तोवर सगळे आटोपले होते. मे महिना, किती वेळ थांबवणार?

२०१९ मध्ये योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचे नाव आले. त्या वर्षाअखेर बाबांना बेळगावात दवाखान्यात हलवले. सकाळच्या विमानाने निघालो आणि त्यांना ऑपरेशनला आत नेण्याआधी त्यांच्या खाटेशी उभा होतो. तिकीट दोन हजार आणि काही रुपये. उरलेले माझ्या वतीने कोणीतरी भरले होते, जसे १५५ जणांच्या वतीने टपालाने भरले.

अनुदानावर चालणारी विमाने म्हणजे पैशांची उधळपट्टी, असे ऑफिसातले मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या धंद्याचा जन्मच दुसऱ्याच्या पैशांवर झाला, त्याने सांबऱ्यालाच पहिल्या दिवसापासून नफा मागणे बरोबर नव्हे. त्यांचे एक म्हणणे मात्र खरे आहे. तीन वर्षांत सीटा भरल्या नाहीत तर टॅम्पासारखेच होते, आणि बेळगावचेही काही मार्ग मुदत संपल्यावर बंद पडले. गंमत म्हणजे निपाणीहून बेळगावला येताना हायवेवर हत्तरगी लागते, तिथे एअरबस आणि बोईंगसाठी सुटे भाग बनतात. विमानाचे भाग आमच्या तालुक्यांतून जगभर जातात, आणि आम्ही पुढच्या महिन्यात विमान आहे का ते बघत बसतो.

बाबा आता ठणठणीत आहेत. मी विमानाने घरी आलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती माणसं होती रे?" जेवलास का, हे नंतर. मीही आता उतरण्याआधी मागे वळून सीटा मोजतो.