शोमरोनी स्त्री केडगावात

बायबल रोज वाचणारे पुष्कळ असतात. त्या वाचनाने ज्यांचा दिवस बदलतो असे त्या मानाने थोडे. उपदेशक याचे खापर भक्तीच्या कमतरतेवर फोडतात. मला दोष वाचण्याच्या रीतीत दिसतो. नेमलेला अध्याय उरकला, आवडत्या वचनाखाली रेघ ओढली, की शास्त्रपाठ झाला असे आपण धरून चालतो. पण त्या अध्यायातली माणसे आपल्या गावात कोण आहेत आणि त्यांच्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न पडल्याशिवाय तो पाठ पुरा होत नाही.

पंडिता रमाबाईंनी तो कसा पुरा केला हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी ख्रिस्ती भगिनी चालवत असलेले काम त्यांनी पाहिले. या बायकांची इतकी काळजी कशापायी, असे त्यांनी आपल्या शिक्षिका-भगिनीला विचारले. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. पण त्यापुढची जवळजवळ आठ वर्षे आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मुकाट मान डोलावणे हा त्यांचा स्वभाव नव्हता; त्रैक्यासारख्या सिद्धान्तावर त्यांनी आपल्या शिक्षिका-भगिनींशी पत्रांतून वाद घातला. (श्रद्धेला प्रश्नांची भीती वाटते असे मानणाऱ्यांनी ती पत्रे जरूर वाचावीत.) 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणि बालविधवा आणल्या, केडगावात ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली आणि तिथेच पुढे ‘कृपासदन’ निघाले, फुलहॅममध्ये पाहिल्या होत्या तशाच बायकांसाठी. ऐकलेल्या एका गोष्टीला राहायला घर मिळायला दीड दशक लागले. साध्या बाईला स्वतः वाचता यावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पूर्ण छापून निघाले.

यावर एक आक्षेप जड आहे. हेच पुस्तक हाती धरून गुलामांचे मालकही वागले. खरे आहे. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले, तेव्हा इस्राएल लोकांच्या मिसरमधून सुटकेची कथा गाळली होती. गाळणाऱ्यांना ती वाचून काय घडेल याची चांगली कल्पना असावी. पण अखंड बायबल बाळगणारे मालकही पौलाची वचने गुलामांना ऐकवत होतेच; तेव्हा पुस्तक पूर्ण असणे पुरेसे नाही. वचन कोणाला लावायचे, यावर सारे अवलंबून आहे. मालक ते गुलामाला लावत होता, स्वतःला नव्हे. रमाबाईंनी शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकून अशा बायकांना उपदेश करण्यावर भागवले नाही. त्यांना ठेवून घेण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली.

बायबलाविनाही अशी कामे होतात, हा दुसरा आक्षेप मी सरळ मान्य करतो. महर्षी कर्वे यांचे विधवांसाठीचे काम समोर आहे. 1893 मध्ये त्यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई रमाबाईंच्या शारदा सदनातच शिकल्या होत्या, ही गोष्ट वेगळी. प्रश्न इतकाच, की जे बायबल रोज उघडतात त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी. शोमरोनी स्त्रीची गोष्ट असलेला योहानाचा चौथा अध्याय आज वाचणार असाल, तर पाचव्याकडे वळण्याची घाई करू नका.