तांबडं पाणी

लातूर,
३० सप्टेंबर २०२५

चि. बाळास,


फोनवर तू हसलास. "मावशी, डोंगर नाही, कडा नाही, सपाट रानातून चालायचं, आणि तेही अर्ध्यावर सोडून यायचं?" एवढं म्हणालास आणि तुला ऑफिसचा दुसरा फोन आला. म्हणून पत्र लिहिते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. इथे निदान मधे तोंड घालता येणार नाही.

बेत असा होता. देवर्जनजवळचं हत्तीबेट बघायचं, उदगीरला किल्ल्यात तास-दोन तास काढायचे आणि तिथून पूर्वेकडे पायी निघायचं. पांदणीनं, बांधाबांधानं, जमेल तिथे डांबरी टाळून मुक्रमाबादच्या बाजूला उतरायचं, लेंडी ओलांडायची आणि देगलूर तालुक्यात होट्टलच्या चालुक्यकालीन देवळांपाशी थांबायचं. लातूर जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात असं पायांनी जावं, ही माझी जुनी हौस. शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर पाणलोट काढले, पण उतार पायांखाली कसा लागतो ते मुलांना सांगता येत नसे.

एकटी का, हे तू विचारलं नाहीस. वाटेतल्या प्रत्येकानं विचारलं. "एकल्याच? संगं कोन न्हाई?" आधी मी लांबलचक उत्तरं देत होते. मग "होट्टलच्या महादेवाला चाललेय" एवढंच सांगू लागले. श्रावण होता, कुणाला नवल वाटलं नाही, उलट चहा मिळाला. बाईमाणसानं हौसेखातर चालणं आपल्याकडे कुणाच्या पचनी पडत नाही. देवासाठी चाललं की सगळी गावं आपली. तुम्ही पोरं गडावर जाताना कुणाला कारण द्यावं लागतं का?

गोपाळकाल्याच्या दिवशी उदगीर सोडलं. पाऊस दोन-तीन दिवस आधीच लागला होता. झड म्हणावी तसा, थांबून थांबून. आता तुझ्या सह्याद्रीतला पाऊस आणि हा पाऊस यांत फरक आहे, आणि माझं अख्खं पत्र त्या फरकाचंच आहे. तिकडे पाऊस आला की तुमच्या डोक्यावर येतो. ओढा फुगला तर कुठल्या कड्यावरून फुगला ते मान वर केली की दिसतं. इकडे उतार इतका अंगचोर असतो की माणसाला कळत नाही, पाण्याला कळतो. उदगीरच्या पठारावर पडलेलं पाणी लेंडीला मिळतं, लेंडी मांजरेला. आणि मांजरा तर काय नदी आहे! बीडच्या पाटोद्याकडे उगवते, आपल्या लातूरला पाजते, बीदरला जाते, तेलंगणात शिरते आणि तिथून उत्तरेला वळून पुन्हा नांदेडच्या सीमेला येते. मग कंदकुर्तीजवळ गोदावरीत. तीन राज्यं फिरून आलेलं पाणी तुमच्या पायाशी येतं तेव्हा ते कुणाच्या पावसाचं, हे तुमचं आकाश बघून कसं सांगणार?

सहस्रकुंडला मी हेच पाहिलं होतं. इस्लापूरच्या बाजूला लख्ख ऊन, आणि पैनगंगा काळ्या कातळावरून अशी उसळतेय की काठावर उभं राहवत नाही. ती नदी बुलढाण्याकडून येते, वाटेत इसापूरचं धरण आहे. तिथल्या पाण्याशी तिथल्या उन्हाचा काही संबंध नव्हता.

काळ्या रानातून चालणं म्हणजे काय ते एकदा येऊन बघ. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस सगळा त्या भेगांत जातो, कुणाला त्याचा पत्ता लागत नाही. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर पडेल तो थेंब वरूनच वाहतो. ऑगस्टच्या मध्याला रान असं काठोकाठ झालेलं होतं. तू वाढदिवसाला दिलेले ते महागाचे बूट दहा पावलांत ओळखू येईनासे झाले. तळाला माती, मातीला तण, तणाला आणखी माती. शेवटी काढून पिशवीला बांधले आणि अनवाणी चालले. एका आखाड्यावरच्या सालगड्यानं बघितलं आणि म्हणाला, "आता कसं, मानसावानी चालायल्यात."

त्याच आखाड्यावर म्हातारी मुगाच्या शेंगा तोडत होती. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात भिजकं टोपलं. मूग काढणीला आला की पाऊस लागतो आणि शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात, म्हणून ती ओल्यातच तोडत होती. तिनं एक शेंग सोलून मला दाखवली. खरंच पांढरे कोंब. पोळा तोंडावर आलेला, हातात चार पैसे यायचे ते या मुगाचेच. सोयाबीनचे पैसे दिवाळीला येतात, तेही आले तर.

रविवारी दुपारी, म्हणजे १७ ऑगस्टला, पाऊस चक्क उघडला. ढग फाटले, थोडं पिवळं ऊन पडलं, सोयाबीनवर वाफ निघाली. चालायला याहून चांगली वेळ नाही असं कुणीही म्हटलं असतं. मोबाईलवर हवामान खात्याचे इशारे सकाळपासून येत होते, पण ते अख्ख्या जिल्ह्याला असतात, आणि ऊन पडल्यावर कोण इशारे वाचतो? तेवढ्यात एक नाला आडवा आला. नावही नसलेला, नकाशात निळी रेघही नसलेला. पाणी पोटरीभर. पलीकडे पांदण सरळ दिसत होती.

मी थांबले ते पाण्याच्या रंगानं. माझ्या चहूबाजूला काळं रान. त्या रानातून निथळणारं पाणी गढूळ झालं तरी काळपट-करडं असतं. हे पाणी तांबडं होतं, विटकरीच म्हण. उदगीर-बीदरच्या पठारावर काळ्या कातळाच्या माथ्यावर जांभा आहे, तिथली माती लाल. म्हणजे हे पाणी माझ्या आजूबाजूचं नव्हतं. वर, मी ज्या माथ्यावरून उतरून आले होते तिकडे, जोरात पडत होतं, आणि ते आता खाली यायला निघालं होतं. काठावर एक काडी रोवली आणि बसून राहिले. काडी बुडायला फार वेळ लागला नाही. ऊन तसंच होतं.

मागे फिरले. सांगण्यासारखं त्यात एवढंच. दोर नाही, कडा नाही, कुणी कुणाला वाचवलं नाही. पुढच्या दहा वगळी अशाच उतरायच्या, शेवटी लेंडी, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्याआधी पोचलेलं वरचं पाणी. मग पुढे जाऊन करायचं काय? आपल्याकडे पुरात कितीतरी माणसं पुलावर जातात. गुडघाभरच आहे म्हणून गाडी घालतात. पाणी किती आहे ते बघतात, वाढतंय का ते बघायला कुणी थांबत नाही.

उंचावरच्या एका गावात माझी एक जुनी विद्यार्थिनी दिली आहे, तिच्याकडे मुक्काम केला. तिच्या सासूनं न विचारता चुलीपुढे बसवलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. "बरं केलं बाई, उतरला न्हाईत. खाली लई पानी यायलंय." तिला ते कसं कळलं? म्हणाली, पाण्याचा आवाज. मला पत्र्यावरच्या पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. रात्रभर तो पत्रा वाजत राहिला. वीज गेली, मोबाईलचे बार गेले. विजांच्या उजेडात खिडकीतून अंगण दिसे आणि दर वेळी अंगणात पाणीच दिसे.

दुसऱ्या दिवशी रेंज आली तेव्हा बातम्या आल्या. त्या तूही वाचल्या असशील, पण पुण्यात बसून "नांदेडमध्ये पूर" एवढंच वाचलं असशील, म्हणून गावांची नावं लिहिते: रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली. सगळी मुखेड तालुक्यातली, लेंडीकाठची. माझ्या वहीत पुढच्या दिवसाची वाट याच भागातून जात होती. रावणगावात सव्वादोनशे माणसं पाण्यात अडकली होती. हसनाळमध्ये माणसं गेली. गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यासकट बुडाली. छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी आली. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की मुखेड भागात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाला आणि लातूर, उदगीर, कर्नाटकातून पाण्याचा मोठा लोंढा आला. सरकारी हिशेबात महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. हवामान खात्याची सगळ्यात वरची पायरी २०४.४ नंतर सुरू होते. आपल्याकडे वर्षभरात जेवढा पडतो त्याची जवळजवळ चौथाई एका झटक्यात.

आणि हे तेच आपलं लातूर, जिथे १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तू तेव्हा शाळेत होतास, टीव्हीवर गाडी बघून "मावशी, तुमच्याकडे पाणी ट्रेननं येतं?" असं विचारलं होतंस.

पण पावसावर सगळं ढकलू नकोस. लेंडीवर गोणेगावजवळ धरण बांधतायत. महाराष्ट्र आणि शेजारचं राज्य, दोघांचं मिळून. आधी आंध्र होतं, आता तेलंगण. १९८०च्या दशकापासून चाललंय. गावं बुडणार हे तेव्हापासून ठाऊक. आधी पुनर्वसन, मग घळभरणी, म्हणजे धरणात नदीसाठी मोकळी ठेवलेली वाट बुजवणं, असं गावकरी ओरडत राहिले. या वर्षी घळ भरली गेली आणि गावं होती तिथेच होती. म्हणजे वरून तांबडं पाणी आलं आणि पुढे जायची त्याची जुनी वाट अडलेली होती. बांध घातलेला नाला शेतात पाणी चढवतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार.

आज ३० सप्टेंबर म्हणून हे आणखी खुपतं. बत्तीस वर्षांपूर्वी आजच्याच पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून माणसं झोपली होती. त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली आम्ही. 'आम्ही' म्हणते कारण माझ्या शाळेतली मुलं तेव्हा पत्रे वाहायला गेली होती. त्या वसाहतींत त्रुटी काही कमी नव्हत्या. घरं एकमेकांपासून लांब, गल्ली हरवली, ओट्यावरच्या गप्पा हरवल्या, मोठ्या रस्त्यांवरून बैलगाडी एकटीच हिंडायची. मी स्वतः तेव्हा नावं ठेवली होती. पण झाली ना काही वर्षांत? बावन्न गावं हलवता येतात हे याच मराठवाड्यानं करून दाखवलंय. तेही आधी काहीच ठाऊक नसताना. भूकंपानं तारीख दिली नव्हती. लेंडीनं जवळपास चाळीस वर्षांची नोटीस दिली होती.

मी मागे फिरले आणि जीपनं उदगीरला, तिथून एसटीनं घरी आले. दोन दिवस अंगात कणकण होती, सुंठ घेतली, बरी झाले. माझा प्रवास अर्धवट राहिला म्हणून तू हसलास. मला त्याचं काही वाटत नाही. अर्धवट सोडता येणं हीच चालणाऱ्याची चैन आहे. त्या म्हातारीला मुगाचं रान अर्धवट सोडता आलं नव्हतं. तिचा आखाडा उंचावर होता, सुखरूप आहे, विद्यार्थिनीला फोन करून विचारलं. मूग मात्र गेला.

या महिन्यात तर मांजरा, तेरणा, सीना सगळ्याच सुटल्या. आमच्या कॉलनीत काही झालं नाही, काळजी करू नकोस, तुझ्या आईलाही सांग. खेड्यांत सोयाबीनच्या गंजी पाण्यावर तरंगल्या. पंचनामे चालू आहेत.

आता तुझ्याकडे काम. तू ते चालण्याचे नकाशे मोबाईलवर बनवतोस ना, चढ किती, अंतर किती, पाणी कुठे मिळेल, सगळं दाखवणारे? त्यात वाटेवरच्या गावांचं हवामान दाखवतोस. इकडच्या वाटेला त्याचा उपयोग नाही. वाट जो जो नाला ओलांडते त्याच्या वरच्या अंगाला कुठली महसूल मंडळं येतात ते काढ आणि तिथला पाऊस दाखव. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळामंडळांत बसवलेली आहेत. मुखेडला चालणाऱ्या माणसाला उदगीरचा पाऊस दिसला पाहिजे, आणि बीदरचाही. जिल्ह्याची नि राज्याची हद्द आली की नकाशे संपतात, ते तेवढं बघ. पाण्याचा रंग काही तुझ्या पडद्यावर येणार नाही, तो मी बघेन.

डिसेंबरात रजा टाक. ज्वारी कंबरेला आलेली असेल, रान वाळलेलं असेल, थंडीत चालायला बरं. हत्तीबेटापासून पुन्हा नको, थेट उदगीरहून निघू. लेंडी कुठे ओलांडायची ते मात्र आत्ता ठरवू नकोस. तुझ्या उपग्रहाच्या चित्रात जुना गाडीरस्ता अजून दिसत असेल, पण घळ भरल्यावर तो कोरडा असेलच असं नाही. मुक्रमाबादला पोचून लोकांना विचारू, पूल कुठला चालू आहे ते सांगतील.

तुझी,
मावशी

ता. क. बूट धुतले. एकाचा तळ सुटलाय. नवे पाठवू नकोस, इथला चांभार शिवून देतो म्हणालाय.