गाठीतली हजेरी

सत्तरी ओलांडल्यावर एक नवीन शब्द शिकले: इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईला हा शब्द तीन वेळा म्हणून पाहावा लागला. माझ्या भाच्याच्या मानेतल्या गाठीमुळे तो आमच्या घरात आला.

आमच्या लहानपणी काखेत-जांघेत गाठ आली की म्हातारी माणसं "अवधाण आलंय" म्हणायची. जखम बरी झाली की तेही उतरायचं. क्षयानेही मानेत गाठी येतात, म्हणून आम्ही सगळे क्षयच धरून बसलो होतो (आणि तोच असू दे म्हणत होतो!). पण तुकडा काढून तपासल्यावर रिपोर्ट आला: लिंफोमाची शंका, पुढील तपासणी आवश्यक. मग आठ दिवस नुसती वाट पाहणं.

त्या आठ दिवसांत मी वाचत बसले. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. काप रंगहीन असतो, म्हणून आधी नेहमीचे दोन रंग. हिमॅटॉक्सिलिन हे मूळचं एका झाडाच्या लाकडातलं, त्याने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात. बाकीचा भाग इओसिनने गुलाबी. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांनी कर्करोगाचा अभ्यास उभा केला, तो याच पद्धतीच्या रंगांवर.

पण रोगप्रतिकारक पेशींची एक अडचण आहे. बी आणि टी या दोन्ही प्रकारच्या लिंफोसाइट या रंगांत अगदी सारख्याच दिसतात. एकाच गणवेशातली शंभर मुलं मैदानावर उभी केली, तर कोण कुठल्या तुकडीतलं हे कसं सांगणार? हजेरीच घ्यावी लागते. इथेही तेच करतात. पेशीवरच्या ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड कापावर सोडतात. ते जिथे चिकटेल तिथे शेवटी तपकिरी रंग उमटतो. सीडी३ हे नाव पुकारलं की टी पेशी हजर, सीडी२० म्हटलं की बी पेशी. शेजारी टॉन्सिलसारख्या माहितीतल्या ऊतीचा कापही रंगवतात. तिथेच रंग आला नाही, तर ती हजेरी रद्द!

अशी एकाच प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली. प्रतिपिंड तयार करणारी उंदराची पेशी त्यांनी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. म्हणजे कर्करोग ओळखायला कर्करोगाचीच मदत. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आमचा रिपोर्ट आला तो 'सीडी२० पॉझिटिव्ह'. बी पेशींचा लिंफोमा. घरात सगळे गप्प झाले. पण डॉक्टरांनी त्याच ओळीवर बोट ठेवून सांगितलं की औषधालाही हाच पत्ता लागतो. रिटुक्सिमॅब हे औषध म्हणजे सीडी२०ला चिकटणारं प्रतिपिंडच. अमेरिकेत ते १९९७ मध्ये मान्य झालं आणि २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज्‌ने ते भारतात बनवून आणलं. ज्या खुणेने पेशी ओळखली, तिच्यावरच घाव.

भाचा चाकणला मोटारींच्या पेंट शॉपमध्ये काम करतो. म्हणाला, "मावशी, आम्ही रंग देतो तो पत्रा झाकायला. हे लोक देतात ते आतलं दिसावं म्हणून." तीन आठवड्यांच्या अंतराने सहा डोस आहेत, त्यातले तीन झाले. गाठ हाताला लागेनाशी झाली आहे. पण पुढचं स्कॅन होईपर्यंत कुणी पेढ्यांचा विषय काढायचा नाही, असा मी दम दिला आहे.

वाचणाऱ्यांना एकच सांगते. बायोप्सी झाली की रिपोर्टाइतकाच मेणाचा तो ब्लॉक महत्त्वाचा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर त्याचेच नवे काप काढता येतात, पुन्हा शरीराला सुरी लावावी लागेलच असं नाही. तो कुठे ठेवला आहे, हे आजच विचारून ठेवा.