थंडीची वही

परभणीच्या कच्छी बाजारातील एका जुन्या कापड दुकानात गादीच्या डाव्या हाताला दोन वह्या ठेवलेल्या असतात. पहिली रोजमेळाची. हिशेब आता चिरंजीव संगणकावर ठेवतात. परंतु लाल बांधणीची वही अद्याप सुटलेली नाही. दुसरी वहीही तशीच लाल आणि तशीच लांबट. दिवाळीला पहिलीबरोबर तिचेही पूजन होते. मात्र तिच्यात पैशाचा एकही आकडा नाही. कार्तिक पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत रोज एक ओळ: तारीख, परभणीचे किमान तापमान, वाऱ्याची दिशा, आकाश निरभ्र की ढगाळ. दुकानाच्या मालकांना सारा बाजार भाईजी म्हणतो. हा शिरस्ता त्यांनी १९८३ च्या हिवाळ्यात सुरू केला आणि आजवर त्यात खंड पडलेला नाही. १५ अंशांच्या वरचा आकडा ते लाल शाईने लिहितात, कारण व्यापाऱ्याच्या वहीत लाल शाईला एकच अर्थ असतो.

भाईजींना थंडी आवडते. केवळ सोसवते असे नव्हे, आवडते. पौष महिन्यात सूर्योदयापूर्वी अंगावर साधी शाल घेऊन ते वसमत रस्त्याने काळ्या कमानीपर्यंत चालत जातात आणि नवकारसीच्या वेळेपर्यंत घरी परततात. विद्यापीठाच्या शेतांवरून येणारा गारवा कानांना झोंबू लागला की त्यांचा चेहरा उजळतो. या आवडीचे मूळ विचारले तर ते शम्मी कपूरकडे बोट दाखवतात. 'जंगली' चित्रपट १९६१ चा. परभणीच्या पडद्यावर भाईजींनी तो बऱ्याच वर्षांनंतर, शाळकरी वयात पाहिला. बर्फात लोळणारा तो नायक त्या मुलाच्या मनातून कधी उतरलाच नाही. बर्फ पाहायचा, पायाखाली दाबून पाहायचा, एवढीच इच्छा. घरच्यांना याचे हसू येई. बावीस अभक्ष्यांत हिमाची गणना होते. घरात सरबतातही कधी बर्फ पडला नाही. आणि या घरातील कर्त्या पुरुषाला वेड कशाचे, तर बर्फाचे! भाईजींचे उत्तर ठरलेले असे: "खायचा नाही. पाहायला बंदी नाही." त्यावर त्यांच्या पत्नी म्हणत, "मग फ्रीज उघडून पाहा."

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. जर्मनीत बर्फ पडतो. परभणीने तेवढी बाब वगळली. तरीही मराठवाड्याच्या या गावाचे थंडीशी नाते खरे आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, हवा कोरडी, भोवती उघडे सपाट शिवार. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब मोकळ्या आकाशात सोडून देते आणि पहाटेपर्यंत पारा झपाट्याने उतरतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील आकडा म्हणूनच राज्यभरच्या वर्तमानपत्रांत झळकतो. पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर आडवा ठेवलेला किमान तापमापक तो टिपतो. त्यात पाऱ्याऐवजी अल्कोहोल असते आणि रात्रीचा नीचांक दाखवून आतली सूक्ष्म कांडी तेथेच थांबते. पेटीत २-३ अंश असतील तेव्हा गवताच्या पात्यावर शून्य असू शकते आणि दवबिंदू गोठू शकतात. परभणीला बर्फाच्या जवळ जाता येते ते एवढेच.

थंडीचा हिशेब भाईजी लेखापरीक्षकाच्या काटेकोरपणाने ठेवतात. वर्तमानपत्रे पारा १२ वर आला की 'थंडीची लाट' छापतात, याचा त्यांना राग येतो. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलेले असावे लागते. अथवा पारा सरळ ४ अंशांवर किंवा त्याखाली उतरावा लागतो. "बारा अंशांना लाट म्हणणे म्हणजे उधारीला नफा म्हणणे," असे ते म्हणतात.

या वेडाला व्यवहाराची बाजू होती आणि खरी गुंतागुंत तेथेच आहे. दुकानाचा निम्मा नफा हिवाळ्यावर उभा होता: लुधियान्याची होजिअरी आणि पानिपतची ब्लँकेटे. दरवर्षी भाद्रपद-आश्विनात भाईजी सचखंड एक्सप्रेसने खरेदीला जात. परभणीला गाडीत बसावे, लुधियान्याला उतरावे, चार दिवसांत माल बांधून परत फिरावे. हिमालय तेथून फार दूर नाही. पण खरेदीच्या हंगामात बर्फ नसे आणि बर्फाच्या हंगामात दुकान सोडता येत नसे. अशी अनेक वर्षे गेली. थंडीवर पोट भरणाऱ्या माणसाला थंडीच्या घरी जायला सवड मिळाली नाही.

डिसेंबर २०१८ चा अखेरचा आठवडा हा त्या लाल वहीचा परमोच्च बिंदू. नागपुरात २९ डिसेंबरला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले. परभणीचा आकडा ३ अंशांच्या आसपास आला. भाईजींनी ती ओळ दोनदा अधोरेखित केली. त्या आठवड्यात दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे होते. गोदामातील शेवटची गाठही फोडावी लागली. मोंढ्यातला एक हमाल, जो एरवी धान्याची पोती वाहतो, तो त्या दिवसांत भाईजींच्या गाठी वाहत होता. तिसऱ्या रात्री काम संपल्यावर त्याने एक ब्लँकेट मागितले. भाईजींनी त्याला ते खरेदी किमतीत दिले. नफा घेतला नाही, याचे त्यांना त्या रात्री समाधान वाटले होते.

पुढच्या वर्षी त्यांनी दीडपट माल भरला. व्यापारात ही चूक नवी नाही. गेल्या हंगामाच्या आकड्यावर पुढच्या हंगामाची खरेदी ठरवणारे पुष्कळ आहेत. थंडी मात्र गेल्या वर्षीची नक्कल करीत नाही. त्यानंतरचे काही हिवाळे आले आणि गेले. चार दिवस गारठा पडे, लगेच बंगालच्या उपसागरावरून ढग येत आणि रात्री उबदार होत. ढग म्हणजे आकाशाने पांघरलेले ब्लँकेट. ते आले की खालची ब्लँकेटे कपाटात राहतात. वहीत लाल ओळी वाढू लागल्या. गव्हाला फुटवे येण्याच्या काळात गारवा हवा असतो. तो नसला की पीक लवकर ओंबीवर येते, दाणा बारीक राहतो आणि खेड्यांतील उधारीची वसुली अक्षय्य तृतीयेच्या पुढे सरकते. बँकेच्या मासिक साठा विवरणपत्रात न हललेला माल वेगळा दाखवावा लागतो आणि त्यावर उचल मिळत नाही. चिरंजीव वाणिज्य शाखेचे पदवीधर आहेत. त्यांनी एकदा शांतपणे सांगितले, "बाबूजी, आपण ब्लँकेटे घेत नाही, हवामान विकत घेतो."

भाईजी उत्तर देऊ शकले नाहीत. ते हवामानाचा अभ्यास मात्र अधिक करू लागले. परभणीची थंडी परभणीची नाही, हे त्यांना तेव्हा उमगले. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात. ते पुढे सरकले की मागून उत्तरेचा कोरडा, थंड वारा मध्य भारत ओलांडून मराठवाड्यापर्यंत पोहोचतो. दरवेळी घडते असे नाही. पण चांगल्या थंडीची वंशावळ बहुधा अशीच निघते. भाईजींनी याची मांडणी आपल्या भाषेत केली: मुद्दल हिमालयात ठेवलेले आहे, परभणीला मिळते ते व्याज.

२०२३ हे एल निनोचे वर्ष होते. पाऊस तुटक झाला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस राज्यात अवकाळी पाऊस आला, कापूस भिजला. थंडी जोर धरीना. जानेवारी उजाडला तेव्हा दुकानात सुमारे ४०० ब्लँकेटे पडून होती आणि गिऱ्हाईक नव्हते. चाळीस वर्षांत प्रथमच भाईजींना पौष महिन्यात रिकामा वेळ मिळाला. चिरंजीवांनीच तिकिटे काढली. दशम्या, खाखरे, मेथीचे थेपले, उकळलेल्या पाण्याची बाटली असा सरंजाम घेऊन पती-पत्नी जानेवारी २०२४ च्या मध्यास सचखंडने निघाले. लुधियाना आले तेव्हा सवयीने भाईजी उठून उभे राहिले आणि मग हसून पुन्हा बसले.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां' म्हणतात तो कडक हिवाळ्याचा काळ असतो. ते त्याच्या ऐन मध्यावर पोहोचले. श्रीनगरात रात्री पारा शून्याखाली होता, दल सरोवराच्या काठाला पाणी गोठत होते. भाईजी प्रसन्न होते. दुसऱ्या दिवशी गाडी गुलमर्गला चढली. उंची सुमारे २,६५० मीटर. वळणामागून वळण गेले; देवदार दिसले, ऊन दिसले आणि शेवटी ते प्रसिद्ध पठार दिसले. पठार तपकिरी होते. वाळलेले गवत, जसे परभणीच्या माळावर चैत्रात असते. फक्त दूरच्या अफरवटच्या माथ्यावर पांढरे पुसट पट्टे होते.

त्या जानेवारीत गुलमर्ग कोरडे राहिल्याची छायाचित्रे देशभर छापून आली होती. खोऱ्यात पाऊस-बर्फासाठी सामुदायिक प्रार्थना झाल्या होत्या. भाईजींनी ती वाचली नव्हती असे नाही. तथापि वर्तमानपत्रातील आकडा आणि डोळ्यांसमोरील आकडा यांत फरक असतो, हा अनुभव त्यांना परभणीतच आला होता. कृषी विद्यापीठाचे तापमान आणि हवामान खात्याच्या यादीतील तापमान अनेकदा जुळत नाहीत. तीच आशा त्यांना तेथवर घेऊन गेली.

पठाराच्या कडेला लाकडी घसरगाड्या ओळीने उलट्या करून ठेवल्या होत्या आणि त्यांचे मालक उन्हात बसले होते. एक प्रौढ माणूस उठून आला. "साहब, बर्फ तो नहीं है, घोड़ा ले लीजिए." भाईजींनी घोडा घेतला नाही. ते त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी विचारपूस सुरू केली. घसरगाडीची किंमत किती? हंगाम किती दिवसांचा? पोशाख आणि बूट भाड्याने देणाऱ्यांचे भांडवल कोणाचे? शेवटी तो प्रश्न, जो एक व्यापारी दुसऱ्याला विचारतो: "उधारी कैसे चुकाओगे?" तो माणूस हसला आणि त्याने आकाशाकडे बोट दाखवले. भाईजींच्या पत्नी पुढे म्हणाल्या की, दोघे अर्धा तास असे बोलत बसले होते, जणू एकाच बाजारपेठेतले शेजारी.

बर्फ पडला, पण भाईजी परतल्यावर. जानेवारी सरता सरता गुलमर्ग पांढरे झाले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य नातवाने आजोबांना हाक मारून दाखवले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बर्फाअभावी गुलमर्गच्या राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. २०२४ हे साल १९०१ पासूनच्या नोंदींतील भारताचे सर्वांत उष्ण वर्ष ठरल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. भाईजींच्या वहीत या दोन्ही बातम्यांची कात्रणे चिकटवलेली आहेत, शेरा नाही.

काश्मीरहून परतल्यावर माघ महिन्यात साठा मोजण्याचे काम निघाले. गाठी मोजायला तोच हमाल आला होता. भाईजींनी सवयीने तक्रार केली की, यंदा थंडीने दगा दिला. गाठ खाली ठेवीत हमाल म्हणाला, "बरं झालं बघा भाईजी, न्हाई पडली ते. धाकटं पोरगं दम्याचं हाय. यंदा रातभर झोपतंय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कदाचित म्हणूनच भाईजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून ते पुन्हा दुकानात आले आणि त्यांनी २०१८ च्या दोन्ही वह्या काढल्या. थंडीच्या वहीत दोनदा अधोरेखित केलेली ओळ. रोजमेळात त्याच आठवड्यात, त्यांच्याच अक्षरात: ब्लँकेट नग १, हमाल, खरेदी किमतीत, रोख. ज्या रात्री पारा ३ अंशांजवळ गेला, त्या रात्री त्या माणसाकडून त्यांनी रोख घेतली होती. मुलगा त्या वेळी किती वर्षांचा असेल, याचा हिशेब त्यांनी बोटांवर केला.

चिरंजीव शेजारी उभे होते. पुढच्या हंगामाची खरेदी निम्म्यावर आणण्याचा कागद त्यांनी तयारच ठेवला होता. त्यावर भाईजींनी वाद न घालता सही केली. नंतर त्यांनी सांगितले की, मोंढ्यातील हमालांची संख्या विचारून घ्यावी आणि तेवढी ब्लँकेटे साठ्यातून वजा करावीत.

"कोणत्या खात्याला टाकू? धर्मादाय?"

"नाही. घसारा लिही."

लेखाशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. शिल्लक मालावर घसारा आकारत नाहीत. त्याचे मूल्यांकन खरेदी किंमत किंवा बाजारभाव यांपैकी जे कमी असेल त्याने होते. चिरंजीवांनी तसे सांगूनही पाहिले. भाईजींनी मान हलवली आणि दुसऱ्या वहीत त्या दिवसाची ओळ लाल शाईने लिहिली.