जळालेले मजले आणि चार प्रबंध

शनिवार पेठेतील शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १८२८ च्या आगीत वाड्याचे मजले जळाले. जोती आणि तट उरले. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी त्या जोत्यांवरून नाहीशी झालेली दालने आखतो. इतिहासाचा मोडी कागद वाचतो. कायद्याचा रामशास्त्री प्रभुण्यांचा निवाडा तपासतो. मराठीचा खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’कडे वळतो. संशोधनाचे हे वैविध्य विद्यापीठाचे वैभवच. परंतु मराठीच्या अभ्यासकाला मोडी क्वचितच येते आणि इतिहासाचा अभ्यासक नाटकाला पुरावा मानीत नाही. एकाच घटनेभोवतीचे असे प्रबंध ग्रंथालयाच्या वेगवेगळ्या कपाटांत परस्परांना अपरिचित राहतात. नाटक पुरावा नसेलही. पण त्या खुनाची स्मृती समाजात कशी घडली, हे त्यावाचून कळत नाही. जळालेले मजले एकट्या शाखेला उभारता येणार नाहीत.